जनरल कनिंगहॅम आणि आपला चांदा जिल्हा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



समितीनं मला बोलायला सांगितलं, पण विषय काही दिला नाही. म्हणाले, "भाऊ, तुम्ही वाचता, तुम्हीच ठरवा." मी पेपरमिलमधला साधा कामगार. शाळा लवकर सुटली, जे काही वाचलं ते रात्रपाळी करून उरलेल्या वेळात. तीस वर्षं झाली, मी बांबूचा कागद होताना पाहतो आहे. यार्डात बांबूचे ढीग, चिपरमध्ये त्याचे तुकडे, मग शिजवून लगदा, आणि मशीनच्या दुसऱ्या टोकाला पांढरा कागद. त्या कागदावर पुढं काय छापलं जाणार हे आम्हा कामगारांना कधी कळत नाही. कुणाची वही होईल, कुणाचा सातबारा होईल, कुणाचं पुस्तक होईल. आज मी एका पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाबद्दलच बोलणार आहे. तो आपल्या समाजाचा नव्हता, आपल्या देशाचाही नव्हता. इंग्रज सरकारचा लष्करी इंजिनिअर होता. नाव सर अलेक्झांडर कनिंगहॅम. हा माणूस दीडशे वर्षांपूर्वी आपल्या चांदा जिल्ह्यात येऊन गेला आणि इथल्या बुद्धाबद्दल छापून ठेवून गेला, हे आपल्यापैकी फार थोड्या लोकांना माहीत असेल.

आधी एक गोष्ट विचारतो. सारनाथ कुठं आहे? पोरगंही सांगेल, बनारसजवळ. कुशीनगर, श्रावस्ती, नालंदा, वैशाली? आपल्या वस्तीतून सहलीच्या गाड्या जातात, लोक दर्शन करून येतात, फोटो काढून आणतात. पण बाप्पा, दोनशे वर्षांपूर्वी ही ठिकाणं कुठं आहेत हे या देशात कुणाला सांगता येत नव्हतं. श्रावस्तीच्या जागी जंगल होतं. कुशीनगरच्या जागी विटांचा ढिगारा होता. नालंद्याला बडगाव म्हणत. बुद्धाच्या मूर्तीला कुठं भैरव म्हणून शेंदूर फासत होते, तर कुठं आणखी कुठल्या देवाच्या नावानं तिच्यासमोर कोंबडं कापत होते. युरोपातल्या काही विद्वानांनी तर बुद्ध हा आफ्रिकेतून आलेला असावा असा तर्क लढवला होता! ज्या मातीत भगवान बुद्ध जन्मले, चालले, बोलले, त्याच मातीनं त्यांचा पत्ता हरवला होता. हरवला होता की हरवू दिला होता, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

कनिंगहॅम यांचा जन्म २३ जानेवारी १८१४ चा, लंडनमधला. वडील ॲलन कनिंगहॅम हे स्कॉटलंडचे कवी. पोरगा एकोणीस वर्षांचा असताना, १८३३ साली, बंगाल इंजिनिअर्स या पलटणीत अधिकारी होऊन हिंदुस्थानात आला. कलकत्त्यात त्याची गाठ जेम्स प्रिन्सेप यांच्याशी पडली. प्रिन्सेप टांकसाळीत नोकरीला होते आणि जुनी नाणी, जुने लेख वाचण्याचा त्यांना नाद होता. याच प्रिन्सेपनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. अशोकाचे शिलालेख दोन हजार वर्षं उघड्यावर उभे होते, पण वाचता कुणाला येत नव्हते. ते त्या वर्षी बोलायला लागले. अशा माणसाच्या संगतीत विशी-बाविशीचा हा पोरगा तयार झाला.

१८३५ च्या सुमारास त्यानं सारनाथचा धमेख स्तूप स्वतःच्या खर्चानं खोदला. स्तूपाच्या माथ्यापासून खाली भोक पाडत नेलं. त्याआधी, १७९४ मध्ये, बनारसच्या जगतसिंगाच्या माणसांनी तिथलाच दुसरा स्तूप विटांसाठी पाडला होता. पुढं सारनाथच्या कितीतरी मूर्ती आणि कोरीव दगड गाड्या भरभरून नेले आणि वरुणा नदीवर पूल बांधताना पाण्यात टाकले. हे कुणी अडाण्यानं केलं नाही, सरकारच्या कामासाठी झालं. पुढं हडप्पाच्या विटाही लाहोर-मुलतान रेल्वेलाइनखाली खडी म्हणून गेल्या. तेही कनिंगहॅम यांनीच लिहून ठेवलं आहे.

१८५१ साली त्यांनी मेसी नावाच्या अधिकाऱ्याबरोबर सांची आणि आसपासचे स्तूप खोदले. तिथं दगडी डब्या निघाल्या. झाकणावर ब्राह्मीत नाव कोरलेलं : एकावर सारिपुत्त, दुसऱ्यावर महामोग्गलान. झाकणाच्या आतल्या बाजूला शाईनं नावाचं पहिलं अक्षर लिहिलेलं. मंडळी, विचार करा. आपण वंदनेत ज्यांची नावं घेतो ते भगवंतांचे दोन पट्टशिष्य. ते पुराणातल्या कथेतले नव्हते, हाडामासाची माणसं होती, याची साक्ष त्या डब्यांनी दिली. त्या अस्थी लंडनला गेल्या आणि स्वातंत्र्याच्या काळात परत आल्या. नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. या खोदकामावर कनिंगहॅम यांनी १८५४ साली ग्रंथ लिहिला, 'द भिलसा टोप्स'. त्याच वर्षी लडाखवरचा त्यांचा मोठा ग्रंथही निघाला. नोकरी लष्कराची आणि लिखाण असं.

१८६१ साली ते मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. वय सत्तेचाळीस. आपल्याकडं माणूस निवृत्त झाला की पारावर जाऊन बसतो. यांचं खरं काम तिथून सुरू झालं. त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांना लिहिलं की या देशाच्या जुन्या अवशेषांची पद्धतशीर पाहणी झाली पाहिजे. सरकारनं त्यांनाच त्या कामावर नेमलं. आजचं पुरातत्त्व खातं तिथून सुरू झालं.

त्यांची काम करण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग नावाचा चिनी भिक्खू भारतात आला होता. त्यानं कुठून कुठं किती अंतर चाललो, कोणत्या दिशेला, तिथं किती विहार, किती भिक्खू, हे सगळं लिहून ठेवलं. त्याच्याआधी आलेल्या फाहियाननंही लिहिलं. या पुस्तकांची फ्रेंच भाषांतरं १८३६ ते १८५८ च्या दरम्यान छापून आली. कनिंगहॅम ती घेऊन निघाले. आज आपण हातात रस्त्याचा नकाशा घेऊन जातो तसं त्यांनी बाराशे वर्षांपूर्वीचं पुस्तक हाती घेतलं आणि अंतर मोजत गावोगाव फिरले. त्या चार वर्षांत त्यांनी नालंदा, श्रावस्ती, कौशांबी, वैशाली, कुशीनगर, तक्षशिला या ठिकाणांच्या जागा नक्की करत नेल्या. श्रावस्तीला १८६३ मध्ये जंगलात उभी बुद्धमूर्ती सापडली, तिच्यावरच्या लेखात श्रावस्तीचं नाव होतं. १८७१ साली त्यांनी प्राचीन भारताच्या भूगोलावर ग्रंथ छापला तो याच पायपिटीवर उभा आहे.

म्हणजे बघा, एका भिक्खूनं बाराशे वर्षांपूर्वी वही लिहिली म्हणून आज आपल्या सहलीच्या गाडीला जायला पत्ता आहे. त्यानं लिहिलं नसतं तर? डोक्यात ठेवलं असतं आणि डोकं गेलं त्याबरोबर गेलं असतं, तर?

मधे १८६६ मध्ये सरकारनं पैसे नाहीत म्हणून हे काम बंद केलं. कनिंगहॅम विलायतेला गेले. लॉर्ड मेयोच्या काळात खातं पुन्हा सुरू झालं, १८७१ साली ते परत आले आणि १८८५ पर्यंत, वयाच्या एकाहत्तर वर्षांपर्यंत, फिरत राहिले. त्यांच्या खात्याच्या अहवालांचे २३ खंड निघाले. त्यातले १३ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले, बाकीचे बेगलर, कार्लाइल, गॅरिक या मदतनिसांनी. शिवाय १८७७ साली अशोकाच्या शिलालेखांचा ग्रंथ, १८७९ साली भारहुतच्या स्तूपावर ग्रंथ, १८८३ साली कालगणनेवर, १८९१ साली नाण्यांवर, १८९२ साली बोधगयेच्या महाबोधी विहारावर. शेवटचा नाण्यांचा ग्रंथ तर मेल्यानंतर, १८९४ साली निघाला.

आता आपल्या भागाकडं येतो. १८७३ च्या नोव्हेंबरअखेर ते नागपूरकडं येत होते. वाटेत मध्य प्रदेशात सतन्याजवळ भारहुत गावी त्यांना स्तूपाचे कठडे दिसले. बराचसा स्तूप गावकऱ्यांनी घरं बांधायला नेला होता, पण राहिलेल्या दगडांवर जातककथा कोरलेल्या आणि अनेक चित्रांजवळ नाव लिहिलेलं. अनाथपिंडिकानं जेतवन कसं घेतलं ते चित्र आहे. बैलगाडीतून नाणी उतरवून जमिनीवर अंथरत आहेत. आणि खांबा-खांबावर दान देणाऱ्यांची नावं. भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, साधे उपासक आहेत, बाया आहेत. आपल्या विहाराच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची फरशी आहे ना, तिच्यात कुणी ५१ रुपये दिले त्याचंही नाव आहे, ती रीत बावीसशे वर्षांची जुनी आहे. भारहुतचं मोठं काम त्यांनी १८७४ च्या फेब्रुवारीत परत येऊन सुरू केलं. पुढं ते दगड कलकत्त्याच्या संग्रहालयात नेले म्हणून वाचले.

त्याच मध्य प्रांताच्या दौऱ्यात ते आपल्या चांद्यात फिरले. त्या वेळी गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. सगळा चांदाच. या दौऱ्याचा वृत्तान्त त्यांच्या अहवालाच्या नवव्या खंडात आहे. ते भांदकला गेले, म्हणजे आजचं भद्रावती. तिथल्या विजासनच्या टेकडीतली लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. दगडात सरळ आत गेलेली, सुमारे सत्तर फूट लांबीची ओसरी आणि तिच्या शेवटी गाभाऱ्यात बसलेली भगवंतांची भव्य मूर्ती. दाराजवळून उजवीकडं आणि डावीकडं आणखी एक एक ओसरी, त्यांच्याही शेवटी मूर्ती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आतल्या अंधारात डोळे सरावायला वेळ लागला, मग हळूहळू मूर्ती दिसायला लागली. कनिंगहॅम यांनी ही लेणी मोजली, नकाशा काढला आणि ही बुद्धाची आहेत असं छापून टाकलं. त्यांचं म्हणणं तर त्याहून पुढं होतं. ह्युएन त्संगनं ज्या कोसल देशाची राजधानी पाहिली, जिथं शंभर विहार आणि दहा हजारांच्या आसपास भिक्खू होते असं तो लिहितो, ती राजधानी चांद्याच्या याच भागात असावी, असं त्यांनी मांडलं. पुढच्या अभ्यासकांना हे सगळं पटलं नाही. अनेकांचा कल छत्तीसगडमधल्या सिरपूरकडं आहे. राजधानी असो नसो, विजासनचा बुद्ध तर कुणी पुसू शकत नाही.

दुसरं ठिकाण नागभीड तालुक्यातलं देवटेक. तिथल्या शिळेवर फार जुन्या ब्राह्मीत लेख आहे. अशोकाच्या शिलालेखांच्या १८७७ च्या ग्रंथात कनिंगहॅम यांनी ही देवटेकची शिळाही घेतली. पुढं नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी तिचा नीट अभ्यास केला. प्राण्यांना धरण्या-मारण्याची मनाई करणारी ती आज्ञा आहे, अशोकाच्या काळातली, असं त्यांनी दाखवलं. त्याच शिळेवर नंतर वाकाटक राजानंही लेख कोरला. म्हणजे आपल्या झाडीपट्टीत अशोकाच्या धम्माचा हुकूम पोचला होता. आणि आम्हाला लहानपणी कुणी सांगितलं? मास्तरांनी आम्हाला एवढंच शिकवलं की हा भाग दंडकारण्य, इथं राक्षस राहत!

तिसरं मार्कंडा, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. ती देवळं शिवाची आहेत, बुद्धाची नाहीत. तरी कनिंगहॅम यांनी त्यांचंही मनापासून वर्णन केलं. मी हे मुद्दाम सांगतो. तो माणूस जे दिसलं ते लिहीत होता. ज्याचं त्याला देणं ही रीत आपणही पाळली पाहिजे. आपलं ते आपलं म्हणायचं, दुसऱ्याचं ते ओढून घ्यायचं नाही.

आता कुणी म्हणेल, भाऊ, तुम्ही इंग्रजाची आरती ओवाळायला लागले. तसं नाही. या माणसाच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. सांचीचे स्तूप त्यांनी घाईनं खोदले, त्यात बरीच पडझड झाली. ते नीट उभे करायचं काम १९१२ नंतर जॉन मार्शल यांना करावं लागलं. हडप्पाची मुद्रा हाती आली तरी ती कुठल्या संस्कृतीची हे ओळखता आलं नाही, परदेशी असावी असं लिहून मोकळे झाले. कपिलवस्तूची जागा त्यांनी भलतीच सांगितली. लुंबिनीचा अशोकस्तंभ सापडला १८९६ मध्ये, ते गेल्यावर तीन वर्षांनी. पवनीचे स्तूपही त्या काळी मातीखालीच राहिले, ते १९६९-७० मध्ये खोदले गेले.

आणि हेतू? तो तर आपला नव्हताच. १८४३ साली कर्नल साइक्स यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उघड म्हटलं की असं संशोधन इंग्रज सरकारला राजकारणात आणि विलायतेच्या लोकांना ख्रिस्ती धर्माच्या प्रसारात कामी येईल. ब्राह्मणी धर्म अनादी काळापासून जशाच्या तसा चालत आलेला नाही, हे दाखवायचं त्यांच्या मनात होतं. बुद्धाच्या जागा शोधताना इथं बुद्धाला मानणारं कुणी उरलं आहे का, ज्यांना गावाबाहेर ठेवलं आहे ते कोण, याचा शोध त्यांनी घेतला नाही. दगड मोजले. दगड उचलणारे मजूर कोण होते, त्यांची नावं काय, हे २३ खंडांत शोधून सापडायचं नाही.

तरी मंडळी, माणसाचा हेतू एक असतो आणि त्याच्या कामाचा उपयोग दुसराच होतो. बांबू तोडणाऱ्याला कुठं ठाऊक असतं की या कागदावर धम्माचं पुस्तक छापणार? कनिंगहॅम यांनी साम्राज्यासाठी लिहिलं. पण लिहिलं ते खरं लिहिलं, मोजून लिहिलं, आणि छापून सगळ्यांच्या हाती दिलं. त्यामुळं ते कुणाच्या एकट्याच्या मालकीचं राहिलं नाही. १८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल बोधगयेला आले आणि त्यांनी महाबोधी सोसायटी काढली. त्याआधीच १८८० ते ८४ दरम्यान त्या विहाराची दुरुस्ती झाली होती आणि कनिंगहॅम यांचं त्याकडं लक्ष होतं. हा बुद्धाचा विहार आहे हे पुराव्यानिशी मांडलेलं होतं, म्हणून धर्मपालांच्या दाव्याला बळ आलं. १९४९ च्या कायद्यानं तिथल्या व्यवस्थेत बौद्धांना अर्धीच जागा दिली, तो प्रश्न अजून मिटलेला नाही. पण बाजू मांडायला कागद आहे.

कनिंगहॅम यांचा शेवट ऐकण्यासारखा आहे. १८८५ मध्ये ते कायमचे विलायतेला निघाले. त्यांच्या सामानाचा मोठा भाग 'इंडस' नावाच्या जहाजावर होता. ते जहाज श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ बुडालं. जन्मभर जमवलेल्या जुन्या वस्तू, टिपणं, छायाचित्रं समुद्रात गेली. सोन्या-चांदीची नाणी वेगळी पाठवली होती, तेवढी वाचली. एकाहत्तर वर्षांच्या माणसानं काय करावं? कपाळावर हात मारून बसला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. ते पुन्हा लिहायला बसले. आत्ता सांगितलेले नाण्यांचे आणि बोधगयेचे ग्रंथ त्यानंतरचे. २८ नोव्हेंबर १८९३ ला लंडनमध्ये ते वारले. समुद्रात गेलं ते गेलं, छापलेलं राहिलं.

ते गेल्यावर पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबईत कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकानं मराठीत गौतम बुद्धांचं चरित्र छापलं. पुढं तेच पुस्तक केळुसकर गुरुजींनी भीमराव नावाच्या एका हुशार विद्यार्थ्याच्या हाती ठेवलं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात या भेटीची आठवण कृतज्ञतेनं नोंदवली आहे. आणि १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूर, १६ ऑक्टोबरला आपलं चांदा. ज्या चांद्यात कनिंगहॅम यांना फक्त दगडाचा बुद्ध सापडला होता, तिथं ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांनी लाखो जिवंत माणसांच्या तोंडून "बुद्धं शरणं गच्छामि" निघालं. हे काम कनिंगहॅमचं नव्हे, हे बाबासाहेबांचं.

आता आपलं काम कोणतं, ते सांगून मी बसतो.

एक. शेत नांगरताना, घराचा पाया खोदताना, तळ्यातला गाळ काढताना जुनी मूर्ती किंवा कोरीव दगड निघाला तर त्याला ऑइल पेंट फासू नका, विकू नका, सिमेंटमध्ये बसवू नका. तहसीलदाराला आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. त्याआधी फोटो काढा, निघाली ती जागा, गट नंबर, तारीख वहीत लिहा. मूर्ती कुठून निघाली हे कळलं नाही की तिची अर्धी साक्ष बुडते.

दोन. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला गेलेली म्हातारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली. कोण पायी गेलं, कोण बैलगाडीनं, सोबत भाकरी काय होती, घरातले देव कुणी आणि कोणत्या नदीत सोडले, गावानं त्रास दिला तो कसा, हे त्यांच्याच डोक्यात आहे. आपली जहाजं रोज बुडत आहेत मंडळी, आणि त्यात आपलीच टिपणं आहेत. कॉलेजात जाणाऱ्या पोरा-पोरींनो, तुमच्या हातात मोबाइल आहे. आजीपाशी बसा, तिचं बोलणं भरून घ्या, मग कागदावर उतरवा. तिचं नाव, गाव, वय आधी लिहा. कनिंगहॅमनं मजुरांची नावं लिहिली नाहीत, ती चूक आपण करायची नाही.

तीन. विहाराच्या कपाटात एक वही ठेवू या. आपल्या वस्तीचा इतिहास, पहिली झोपडी कुणाची, विहाराची पहिली वीट कुणी दिली, जयंतीची पहिली मिरवणूक कधी निघाली. समितीनं हो म्हटलं तर पहिल्या वहीचा खर्च माझ्याकडं. कागद कसा होतो ते मला माहीत आहे, त्यावर लिहायचं काम तुम्ही करा.

 

नमो बुद्धाय! जयभीम!